कॅल्क्युलसनंतर पुढे काय?

आमच्याकडे यवतमाळच्या तालुक्याच्या कॉलेजांत बी.एस्सी.च्या पोरांना एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते: कॅल्क्युलस, म्हणजे बदलाचा दर मोजायचं गणित, पूर्ण पचल्याशिवाय रेषीय बीजगणिताला, म्हणजे अनेक अज्ञातांची साधी समीकरणं एकत्र सोडवायच्या गणिताला, हात लावायचा नाही. हे खरं नाही.

वावरातलंच पाहा. पाच एकरांत कपाशी आणि तूर पेरायची. कपाशीला एकरी दोन पाकिटं, तुरीला एक पिशवी, मिळून आठ नग आणले. कपाशीचे एकर क, तुरीचे त: क + त = ५, २क + त = ८. वजा करा: कपाशी तीन एकर, तूर दोन. कागदावर काढल्या तर या दोन रेषा एकाच बिंदूत छेदतात. दोनाऐवजी दोनशे अज्ञातं घ्या, तिथून मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचा ओळी-रकान्यांतला तक्ता, सुरू होतं. यात कॅल्क्युलसचं डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) कुठं आलं? ही रीत चीनमध्ये सुमारे २,००० वर्षांपूर्वी लिहिली गेली. कॅल्क्युलस मांडणारे न्यूटन आणि लायब्निझ १७व्या शतकातले.

संख्या सिद्धांताची (पूर्णांकांच्या गुणधर्मांच्या अभ्यासाची) सुरुवातही कॅल्क्युलसविना होते. डिफरन्शियल इक्वेशन्सला (ज्यांत बदलाचा दर येतो अशा समीकरणांना) मात्र कॅल्क्युलस हवंच, आणि त्यांच्या जोडसमीकरणांत पुन्हा मॅट्रिक्स लागतं. म्हणून माझं मत: पोरहो, रेषीय बीजगणित आधी घ्या. रिअल अ‍ॅनालिसिस (कॅल्क्युलसची सिद्धतांसकट काटेकोर मांडणी) थोडं थांबू द्या, आधी सिद्धता लिहायचा हात बसवा.