खफ्ज : दाऊदी बोहरा समाजातील मुलींचा खतना

दाऊदी बोहरा या शिया इस्माइली पंथात मुलगी सातेक वर्षांची झाली, की तिच्या शिश्निकेवरील, म्हणजे क्लिटोरिसवरील, त्वचेचा भाग कापण्याची प्रथा आहे. धर्मग्रंथांत तिला खफ्ज म्हणतात, घराघरांत खतना. या समाजाची लोकसंख्या जगभरात दहा लाखांच्या आसपास मानली जाते. गुजरात, महाराष्ट्र, राजस्थान आणि मध्य प्रदेश ही त्याची मुख्य वस्ती असून पंथप्रमुख सय्यदना यांचे ठाणे मुंबईत आहे. युनिसेफच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगात २३ कोटींहून अधिक मुली व स्त्रिया अशा कापाकापीतून गेल्या आहेत. त्यांत आशियातल्या आठ कोटी असल्या, तरी हा विषय निघाला की आपल्याकडे सोमालिया आणि सुदानच आठवतात, मुंबईतला बोहरांचा भेंडीबाजार आठवत नाही.

पंथाच्या दाईंची, म्हणजे धर्मप्रमुखांची, गादी सोळाव्या शतकात येमेनहून गुजरातेत आली. प्रथेचे समर्थक आधार देतात तो दहाव्या शतकातील फातिमी न्यायशास्त्रज्ञ काझी नुमान यांच्या ‘दआइमुल इस्लाम’ या ग्रंथाचा. मुलगी सात वर्षांची होण्याआधी हे करू नये, असे त्यात म्हटले आहे. कुराणात मुलींच्या खतन्याचा उल्लेख नाही, आणि भारतातले बहुसंख्य मुसलमान, सुन्नी असोत वा अन्य शिया, तो करत नाहीत. सुलेमानी आणि अलवी बोहरांत मात्र तो आढळतो.

खतना झालेल्या अनेकींनी पुढे जे सांगितले, त्यातला तपशील थक्क करण्याइतका सारखा आहे. आई, आजी किंवा मावशी ‘आपण फिरायला जाऊ’, ‘आईस्क्रीम खाऊ’ असे सांगून मुलीला घेऊन निघते. जुन्या इमारतीतली एखादी खोली असते, तिथे एक अनोळखी म्हातारी बाई असते. चड्डी काढायला लावतात, एकजण पाय धरते, ब्लेड किंवा कात्री चालते. परतीच्या वाटेवर चॉकलेट मिळते आणि बजावले जाते, की बाबांना सांगायचे नाही, बहिणीला सांगायचे नाही, कुणालाच नाही. मोठ्या शहरांतून अलीकडे बोहरा डॉक्टर हे काम दवाखान्यात करतात. जंतुसंसर्गाचा धोका त्याने कमी होतो, पण कृतीला वैद्यकीय उपचाराची प्रतिष्ठा मिळते. आजारच नसलेल्या मुलीवर हा उपचार कशाचा, हे कुठल्याच केसपेपरवर लिहिता येत नाही.

कारणे विचाराल तर उत्तरे एकमेकींशी जुळत नाहीत. पंथाची अधिकृत भूमिका ‘तहारत’, म्हणजे धार्मिक शुद्धता, ही आहे. जुन्या पिढीतल्या बायका थेट सांगत, की मुलीची वासना आटोक्यात राहावी म्हणून. शिश्निकेला ‘हराम की बोटी’ म्हणण्याची रीत हेच सुचवते. हल्ली काही समर्थक याच्या नेमके उलट म्हणतात, की आच्छादन काढल्याने लैंगिक सुख वाढते. ज्या विधीचा हेतू वासना दाबणे आणि वासना खुलवणे असा दोन्हीही सांगता येतो, त्याचा खरा आधार हेतू नसून परंपरा आहे, असे म्हणावे लागते.

नेमके किती कापतात, यावर मोठा वाद आहे. समर्थकांच्या मते त्वचेची नखाएवढी कातरण, तीही केवळ आच्छादनाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात हा पहिल्या प्रकाराचा उपप्रकार ठरतो. नुसते टोचणे वा खरवडणे चौथ्या प्रकारात येते, तर सोमालियासारख्या, आफ्रिकेच्या शिंगाकडील देशांत आढळणारा, योनिमुख शिवून टाकणारा प्रकार तिसरा. तेव्हा सगळ्यांना एकाच तराजूत घालू नका, ही समर्थकांची तक्रार अगदीच निराधार नाही. अडचण शरीररचनेची आहे. सात वर्षांच्या मुलीत ते आच्छादन अतिशय पातळ आणि पुष्कळदा खालच्या अवयवाला चिकटलेले असते. घाबरून हातपाय झाडणाऱ्या मुलीवर, भूल न देता, फक्त तेवढेच कापण्याची खात्री कुशल शल्यविशारदही देणार नाही.

आकडे तुटपुंजे आहेत. ‘सहियो’ या संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ३८५ बोहरा स्त्रियांपैकी ८० टक्के स्त्रियांनी आपला खतना झाल्याचे सांगितले. २०१८ मध्ये भारतातील बोहरा कुटुंबांच्या मुलाखतींवर आधारलेला एक अभ्यास आला. त्यात सहभागी झालेल्यांच्या सात वर्षांवरील मुलींपैकी ७५ टक्के मुलींचा खतना झालेला होता, आणि खतना झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे ३३ टक्के स्त्रियांनी लैंगिक जीवनावर वाईट परिणाम झाल्याचे म्हटले. दोन्ही नमुने ओळखीपाळखीतून गोळा झालेले, म्हणून ते साऱ्या समाजाचे प्रमाण मानता येत नाहीत. सरकारी पाहणी झालेलीच नाही. तरीही २०१७ च्या अखेरीस केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने सर्वोच्च न्यायालयात सांगितले, की भारतात ही प्रथा असल्याला पुष्टी देणारी अधिकृत आकडेवारी नाही. मोजलेच नाही, तर आकडेवारी येणार कुठून?

समाजातून आवाज उठायला इतका वेळ का लागला, याचे उत्तर बरेचसे बहिष्कारात आहे. सय्यदनांच्या आज्ञेबाहेर जाणाऱ्याला ‘बरात’ म्हणजे पंथाबाहेर काढण्याची शिक्षा होऊ शकते. मग निकाह अडतो, दफनभूमी मिळत नाही, नातलग बोलणे टाकतात. मुंबई राज्याने १९४९ मध्ये अशा बहिष्कारावर कायद्याने बंदी घातली होती, पण तत्कालीन सय्यदनांनी तिला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धर्मस्वातंत्र्याच्या नावाने तो कायदा रद्द केला. त्या निकालाची पार्श्वभूमी ध्यानात घेतल्याशिवाय ‘बोहरा बायका स्वखुशीने करतात’ हे वाक्य नीट वाचता येत नाही. १९९१ मध्ये आयआयटी मुंबईतील प्राध्यापिका रेहाना घडियाली यांनी ‘मानुषी’ या स्त्रीविषयक नियतकालिकात या विषयावर लेख लिहिला तेव्हा त्या जवळजवळ एकट्या होत्या. २०१५ मध्ये मासूमा रानालवी आणि इतर स्त्रियांनी आपल्या नावानिशी बंदीची जाहीर मागणी केली, त्याच वर्षी मुंबईत ‘सहियो’ स्थापन झाली. विरोधी बाजूही बायकांचीच आहे. बोहरा स्त्रियांच्या धर्मस्वातंत्र्यासाठी एक संघटना उभी राहिली आणि तिने न्यायालयात प्रथेचा बचाव केला.

परदेशांतील खटल्यांनी समाजाला हादरवले. ऑस्ट्रेलियात २०१५ मध्ये दोन बहिणींच्या खतन्याबद्दल आई, सुईण आणि समाजाचा एक पुढारी दोषी ठरले. अपिलात ते सुटले, पण २०१९ मध्ये तिथल्या हायकोर्टाने, म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने, किरकोळ छेदही कायद्याने निषिद्ध असल्याचे ठरवून ती सुटका रद्द केली. अमेरिकेत डेट्रॉइटजवळ २०१७ मध्ये एका बोहरा डॉक्टरवर खटला भरला गेला. २०१८ मध्ये न्यायाधीशांनी १९९६ चा कायदाच घटनाबाह्य ठरवला, तेव्हा काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, नवा कायदा केला. दरम्यान २०१६ मध्ये सिडनी, लंडन आदी ठिकाणच्या बोहरा जमातींनी, म्हणजे स्थानिक समाजमंडळांनी, पत्रके काढून देशाचा कायदा पाळण्यास सांगितले. भारतात तसा कायदाच नसल्याने इथे त्या सल्ल्याचा काही उपयोग नव्हता.

नैतिक वादाचा गाभा ‘किती कापले’ हा नाही. त्या मापाने निघालो, की दोन आडवाटा लागतात. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने एप्रिल २०१० मध्ये सुचवले, की मुलीला परदेशी नेऊन मोठी कापाकापी होण्यापेक्षा डॉक्टरांनी एक प्रतीकात्मक टोचा द्यावा. इतका गदारोळ झाला, की महिन्याभरात ती सूचना मागे घ्यावी लागली. दुसरी वाट मुलांच्या सुंतेकडे जाते. २०१५ मध्ये इंग्लंडचे न्यायाधीश जेम्स मन्बी यांनी निकालात स्पष्ट लिहिले, की मुलींच्या खतन्याचे काही प्रकार मुलांच्या सुंतेहून सौम्य आहेत. तरी कायदा सुंता चालवून घेतो आणि मुलींच्या बाबतीत काहीच चालवून घेत नाही. फरक दाखवायचा तर सुंतेला काही वैद्यकीय आधार आहे. दक्षिण आफ्रिका, केनिया व युगांडातील चाचण्यांत स्त्रीकडून पुरुषाला होणारी एचआयव्हीची लागण सुमारे ६० टक्क्यांनी घटली. पण त्या चाचण्या स्वतः संमती दिलेल्या प्रौढ पुरुषांवरच्या होत्या, आठ दिवसांच्या बाळावरच्या नव्हत्या.

म्हणूनच सुंतेच्या समर्थकांना ओळखीचा प्रश्न पुढे आणावा लागतो, आणि तो खोटा नाही. कोकणातले बेने इस्राएल शतकानुशतके इतर यहुद्यांपासून तुटलेले होते. मराठी बोलत होते, तेल गाळत होते. आठव्या दिवसाची सुंता आणि शनिवारचा विसावा त्यांनी सोडला नाही, आणि या खुणांवरूनच ते पुढे यहुदी म्हणून ओळखले गेले. जर्मनीत कोलोनच्या न्यायालयाने २०१२ मध्ये चार वर्षांच्या मुलाची सुंता ही शारीरिक इजा ठरवली, तर त्याच वर्षी संसदेने कायदा करून ती वैध केली. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मुलांच्या सुंतेविरुद्धची याचिका फेटाळली. खफ्जला मात्र ओळखीचा हा युक्तिवादही पेलत नाही. मुलाच्या सुंतेचा समारंभ होतो, मुलीच्या खतन्याची खबर तिच्या बापालाही नसते. जी खूण कुणाला दाखवायची नाही, ती समाजाची ओळख कशी? शिवाय पंथाकडेच समजत्या वयाचा एक संस्कार आहे. वयात येताना प्रत्येकजण स्वतः ‘मिसाक’ची, म्हणजे पंथनिष्ठेची, शपथ घेतो. निष्ठेसाठी मुलीची समज पाहायची आणि शरीरासाठी पाहायची नाही, याचे समर्थन कुठे सापडत नाही. प्रौढ स्त्रीने हे स्वतःसाठी निवडले, तर आक्षेपाचा बराचसा आधार उरत नाही.

भारतात नाव घेऊन मनाई करणारा कायदा नाही. इजेची सामान्य कलमे आणि बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२ चा पोक्सो कायदा लागू होतात, असे बंदी मागणाऱ्यांचे म्हणणे आहे. दिल्लीच्या वकील सुनीता तिवारी यांची २०१७ ची याचिका सप्टेंबर २०१८ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे गेली. २०१९ मध्ये शबरीमला मंदिरातील स्त्रियांच्या प्रवेशाच्या फेरविचारासोबत त्यातले प्रश्न आणखी मोठ्या पीठाकडे सोपवले गेले, आणि २०२० मध्ये नऊ न्यायमूर्तींचे पीठ नेमले गेले. २०१९ च्याच एप्रिलमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने आंतरलिंगी, म्हणजे जन्मतः शरीर स्पष्टपणे मुलाचे वा मुलीचे नसलेल्या, अर्भकांवरील ‘दुरुस्ती’च्या शस्त्रक्रियांबाबत निकाल देताना म्हटले, की पालकांची संमती ही मुलाची संमती मानता येणार नाही. तिथे कोणत्याही धर्माचा संबंध नव्हता. ऑगस्टमध्ये तमिळनाडू सरकारने, जीव धोक्यात असल्याचा अपवाद ठेवून, अशा शस्त्रक्रियांवर बंदीचा आदेश काढला.