नॉर्वे आणि तुर्कमेनिस्तान: मिथेनगळतीत शंभरपट अंतर पडलं कसं?

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था देशोदेशींच्या तेल-वायू उद्योगातून किती मिथेन, म्हणजे नैसर्गिक वायूचा मुख्य घटक, हवेत निसटतो, याचा अंदाज मांडत असते. उत्पादनाच्या तुलनेत पाहिलं तर यादीच्या एका टोकाला नॉर्वे दिसतो आणि दुसऱ्या टोकाला तुर्कमेनिस्तान. सर्वांत चांगली आणि सर्वांत वाईट कामगिरी यांत शंभरपटीहून जास्त अंतर असल्याचं ही संस्था सांगते. तेल-वायू विकून दोन्ही देश मोठी कमाई करतात, आणि गळती थांबवायची साधनं कुणाचीच मक्तेदारी नाहीत. त्यामुळे या फरकाचं उत्तर तंत्रज्ञानात शोधण्यापेक्षा इतिहासात शोधायला हवं.

१९६९ च्या अखेरीस उत्तर समुद्रात एकोफिस्क तेलक्षेत्र सापडलं. जून १९७१ मध्ये नॉर्वेच्या संसदेच्या उद्योग समितीने तेलधोरणाची दहा सूत्रं ठरवली. त्यातलं एक सूत्र असं, की वापरण्याजोगा वायू जाळून टाकणं चालणार नाही, चाचणीच्या थोड्या काळापुरती सूट. त्या काळी तेलासोबत वर येणारा वायू म्हणजे अडगळ, असाच जगभरचा समज होता. नॉर्वेने पहिल्याच पावलाला तो माल ठरवला. मग त्याची सोय करणं आलंच. १९७७ मध्ये एकोफिस्कहून जर्मनीतल्या एम्डेनपर्यंत समुद्राखालून वायुवाहिनी पोहोचली. इतर काही क्षेत्रांत वायू पुन्हा भूगर्भात दाबून तेलाचा दाब टिकवला गेला. १९९१ पासून समुद्रातल्या उत्पादनावर कार्बन कर लागला, तेव्हा जाळलेल्या वायूचीही किंमत मोजावी लागली.

पण मला यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते सुरक्षेचं कारण. समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर कामगार गळतीच्या अगदी शेजारी झोपतात. १९८८ मध्ये उत्तर समुद्राच्या ब्रिटिश हद्दीत पायपर अल्फा प्लॅटफॉर्मवर गळतीतून भडका उडाला आणि १६७ माणसं गेली. नॉर्वेच्या सुरक्षा यंत्रणेच्या वार्षिक अहवालात सेकंदाला ०.१ किलोहून मोठ्या हायड्रोकार्बनच्या, म्हणजे तेल-वायूच्या, गळत्यांची मोजदाद असते. हवामानाची चर्चा तापण्याआधीच, जिवाच्या भीतीने तिथे गळती शोधायची सवय लागली होती.

तुर्कमेनिस्तानची गोष्ट सोव्हिएत काळात सुरू होते. तिथला वायू मध्य आशियातून रशियाकडे जाणाऱ्या लांबलचक वाहिन्यांतून निघून जाई, आणि निर्णय मॉस्कोत होत. १९९१ मध्ये देश स्वतंत्र झाला, पण वायूला बाहेर पडायची वाट तीच राहिली. १९९७ मध्ये रशियाशी वाद होऊन निर्यात अडली. त्याच वर्षाच्या शेवटी देशाच्या पश्चिमेतल्या कोर्पेझेहून इराणला छोटी वाहिनी सुरू झाली. डिसेंबर २००९ मध्ये चीनकडे जाणारी मोठी वाहिनी उघडली. देशांतर्गत मात्र १९९३ पासून २०१८ च्या अखेरपर्यंत नागरिकांना ठरावीक मर्यादेपर्यंत वायू फुकट होता. गिऱ्हाईक एखाद-दुसरं आणि घरात मोल नाही, अशा मालाची गळती कोण मोजणार?

जगाला या देशाचं ओळखीचं चित्र म्हणजे काराकुम वाळवंटातलं दरवाझाचं धगधगतं विवर. सोव्हिएत काळातल्या खोदकामातून ते तयार झालं असं मानतात. पण जळणारा मिथेन बहुतांशी कार्बन डायऑक्साइड होतो. न जळता सुटलेला मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून जास्त उष्णता धरतो. खरी हानी होत होती ती न दिसणाऱ्या जागी.

ती दिसली योगायोगाने. जानेवारी २०१९ मध्ये जीएचजीसॅट या कॅनडाच्या कंपनीचा उपग्रह पश्चिम तुर्कमेनिस्तानातल्या चिखल-ज्वालामुखीची पाहणी करत होता. त्याला जवळच, कोर्पेझेच्या वायुक्षेत्रात, मिथेनचा प्रचंड झोत आढळला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅस्पियन किनाऱ्यालगत मोठ्या उत्सर्जनाच्या २९ जागा निघाल्या. त्यांतल्या बहुतेक ठिकाणी विझलेले फ्लेअर होते. फ्लेअर म्हणजे नको असलेला वायू जाळायची उंच नळी; इथे नळी तीच, पण ज्योत नाही आणि वायू तसाच वर चाललेला. पेटलेला फ्लेअर रात्री अवकाशातून चमकतो आणि मोजणीत येतो. विझलेला त्या नजरेतून सुटतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नासाने अंतराळ स्थानकावरच्या एमिट उपकरणाची निरीक्षणं जाहीर केली: कॅस्पियन किनाऱ्यावरच्या ‘हजार’ नावाच्या शहराच्या पूर्वेला १२ झोत, काही ३२ किलोमीटरहून लांब, सगळे मिळून तासाला ५०,४०० किलो. म्हणजे सेकंदाला १४ किलो. वर सांगितलेला नॉर्वेचा ०.१ चा आकडा याच्याशेजारी ठेवून पाहावा. कायरोस या फ्रेंच कंपनीच्या उपग्रह-विश्लेषणानुसार २०२२ या एका वर्षात देशाच्या पश्चिम क्षेत्रातून २६ लाख टन आणि पूर्वेकडून १८ लाख टन मिथेन सुटला.

ही तुलना करताना एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. उघडं, उजळ वाळवंट उपग्रहाला सोयीचं असतं. समुद्राचं पाणी सूर्यप्रकाशातला हवा तो भाग फारसा परत पाठवत नाही, त्यामुळे तिथली गळती वरून टिपणं अवघड. म्हणून नॉर्वेचे आकडे बरेचसे कंपन्यांच्या स्वतःच्या नोंदींवर उभे आहेत, आणि तिथे विमानं व जहाजं पाठवून पडताळणी होत राहणं गरजेचं आहे. शिवाय नॉर्वेने विकलेला वायू युरोपात जळतो, तो धूर या हिशेबात येत नाही. तरीही शंभरपटीचा फरक एवढ्याने पुसला जात नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये दुबईतल्या हवामान परिषदेत तुर्कमेनिस्तान जागतिक मिथेन प्रतिज्ञेत सामील झाला. २०२० च्या तुलनेत जगाचं मिथेन उत्सर्जन २०३० पर्यंत ३० टक्क्यांनी घटवायचं, हे तिचं उद्दिष्ट. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाची यंत्रणा आता उपग्रहाला मोठा झोत दिसला की संबंधित सरकारला कळवते. कॅस्पियन किनाऱ्यावर मिथेन घटवण्यासाठी पहिलं काम अगदी साधं आहे: विझलेले फ्लेअर पुन्हा पेटवणं. आणि त्यानंतरचं, जास्त खर्चाचं काम म्हणजे तो वायू गोळा करून वाहिनीपर्यंत नेणं, जे नॉर्वेने १९७० च्या दशकातच सुरू केलं होतं.