जॅझ पियानो म्हणजे मनाला येईल ते वाजवणं नव्हे

जॅझ पियानोवादक बसतो आणि सुचेल ते वाजवतो, तालीम केली तर उत्स्फूर्तपणाच जातो, असं ठासून सांगणारे पुष्कळ भेटतात. सूर त्या क्षणी सुचतात हे खरं, पण खालचा साचा ठरलेला असतो. अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्श्विनच्या १९३० मधल्या ‘आय गॉट रिदम’ या गाण्याची कॉर्डमालिका, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटांचा (कॉर्डचा) ठरलेला क्रम, घेऊन पुढच्या वादकांनी कितीतरी नव्या धुना बांधल्या. एक फेरी संपली की तीच मालिका पुन्हा सुरू होते. ख्यालगायकाला आवर्तन मोडता येत नाही, तसंच हे.

म्हणून दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या स्वरावरच्या कॉर्डचा क्रम बाराही पट्ट्यांत हातात बसवतात. आवडता सोलो रेकॉर्डवरून ऐकून आधी गातात, मग सुरासूर बोटांवर उतरवतात. कंटाळवाणं काम, पण टळत नाही. जॅझ पियानोवादक ऑस्कर पीटरसन माँट्रियलमध्ये पॉल द मार्कींकडे रीतसर शास्त्रीय पियानो शिकले.

यावर हमखास जॅझ पियानोवादक एरॉल गार्नर यांचं नाव पुढे केलं जातं: त्यांना नोटेशन वाचता येत नव्हतं! बरोबर. पण नोटेशन न येणं म्हणजे रियाज नसणं कुठे? गार्नर अगदी लहानपणापासून कानाने ऐकून पियानो वाजवत होते.