१९२० मधील आंतरराष्ट्रीय क्रीडाजगत

पहिल्या महायुद्धामुळे बर्लिनचे १९१६ चे ऑलिंपिक झालेच नाही. युद्ध थांबल्यावर बेल्जियमच्या अँटवर्प शहराला १९२० च्या ऑलिंपिकचे यजमानपद मिळाले, तेव्हा तयारीला जेमतेम सव्वा वर्ष उरले होते. देश युद्धाने खिळखिळा झालेला. जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी, बल्गेरिया आणि तुर्कस्तान या पराभूत देशांना निमंत्रण नव्हते. पाच वर्तुळांचा ध्वज ऑलिंपिकमध्ये प्रथम फडकला तो इथे, आणि खेळाडूंच्या वतीने पहिली शपथही इथेच घेतली गेली. ती बेल्जियमच्या व्हिक्टर ब्वाँ यांनी घेतली.

मैदानावर फिनलंडचे धावपटू गाजले. पाव्हो नुर्मी याने १०,००० मीटर आणि क्रॉसकंट्री (उघड्या रानावाटांवरची शर्यत) जिंकली, पण ५,००० मीटरमध्ये फ्रान्सच्या जोसेफ गिल्मो याने त्याला मागे टाकले. गिल्मोच्या फुप्फुसांना युद्धात विषारी वायूने इजा झाली होती, हे लक्षात घेतले की त्या विजयाची थोरवी कळते. स्वीडनचा नेमबाज ऑस्कर स्वान ७२ व्या वर्षी रौप्यपदक घेऊन गेला. फुटबॉलच्या अंतिम सामन्यात पंचांच्या निर्णयांवर संतापून चेकोस्लोव्हाकियाचा संघ सामना अर्धवट टाकून निघून गेला आणि सुवर्णपदक बेल्जियमकडे राहिले. टेनिसमध्ये फ्रान्सच्या सुझान लांग्लेनने एकेरीत सुवर्ण मिळवले, तेही पाच सामन्यांत मिळून केवळ चार गेम गमावून. त्याच उन्हाळ्यात विम्बल्डनची एकेरी, दुहेरी आणि मिश्र दुहेरी ही तिन्ही विजेतेपदे तिने जिंकली होती. पुरुषांत बिल टिल्डन हा विम्बल्डन जिंकणारा पहिला अमेरिकन ठरला.

भारतीय संघाने ऑलिंपिकमध्ये पाऊल टाकले ते याच वर्षी, आणि त्याची सुरुवात पुण्यात आहे. डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत अध्यक्ष दोराबजी टाटा यांनी खेड्यापाड्यांतले तरुण अनवाणी पळताना पाहिले. शास्त्रशुद्ध प्रशिक्षण नसताना त्यांनी नोंदवलेल्या वेळा पाहून दोराबजींना वाटले, ही मुले परदेशातही टिकतील. त्यांनी मुंबईच्या गव्हर्नरची मदत मिळवली, पदरचे पैसे घातले आणि संघ बोटीने युरोपला रवाना केला. भारतीय ऑलिंपिक संघटना त्यानंतर सात वर्षांनी, १९२७ मध्ये स्थापन झाली. म्हणजे संघटना नव्हती, परंपरा नव्हती, होते ते एका माणसाचे वेड.

बेळगावच्या फडेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉन २ तास ५० मिनिटांच्या आसपास पूर्ण केली आणि ते १९ वे आले. फिनलंडच्या हान्नेस कोलेहमाइनेन याने ती २ तास ३२ मिनिटांत जिंकली. अंतर ४२.७५ किलोमीटर होते, म्हणजे आजच्या प्रमाणित अंतराहून अर्धा किलोमीटर जास्त. सदाशिव दातार यांना शर्यत पुरी करता आली नाही. पुरमा बॅनर्जी १०० आणि ४०० मीटर धावले. कुस्तीत कुमार नवले लवकर बाद झाले, पण फेदरवेट (हलक्या वजनाच्या) गटात रणधीर शिंदे यांनी ब्रिटनच्या हेन्री इनमनला हरवून उपांत्य फेरी गाठली. तिथे ते अमेरिकेच्या सॅम्युएल गर्सनकडून हरले आणि कांस्यपदकाची कुस्ती ब्रिटनच्या फिलिप बर्नार्डने जिंकली. पहिल्याच वेळी पदकाच्या इतके जवळ गेलेल्या या मल्लाचे नाव आपल्याकडे फारच थोड्यांना ठाऊक आहे. खाशाबा जाधव यांच्या हेलसिंकीतल्या कांस्यपदकाची वाट यानंतर ३२ वर्षे पाहावी लागली.

ऑलिंपिकबाहेर बेसबॉलमध्ये बेब रूथ याने न्यूयॉर्क यांकीजकडून पहिल्याच हंगामात ५४ होम रन (एका फटक्यात सगळे तळ फिरून येण्याची धाव) मारले. ऑगस्टमध्ये क्लीव्हलंडचा रे चॅपमन डोक्यावर चेंडू लागून दगावला. सायकल शर्यतींत बेल्जियमच्या फिलिप तीस याने टूर द फ्रान्स तिसऱ्यांदा जिंकली. डिसेंबरात सिडनीत अ‍ॅशेस मालिका सुरू झाली आणि ऑस्ट्रेलियाने ती ५–० अशी घेतली.

वर्षाअखेरीस, २६ डिसेंबरला, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक कर लेडीज या महिला फुटबॉल संघाचा सामना पाहायला सुमारे ५३,००० लोक आले. त्या संघाची बांधणी प्रेस्टनच्या कारखान्यात युद्धकाळात काम करणाऱ्या मुलींमधून झाली होती. पुढच्याच डिसेंबरात इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या क्लबांच्या मैदानांवर महिलांच्या सामन्यांना बंदी घातली. ती उठायला जवळपास ५० वर्षे लागली.