हलक्या कारखानानिर्मित ड्रॅग मोटारी

अमेरिकी मोटार कंपन्यांनी साधारणतः १९६२ ते १९६९ या काळात पाव मैलाच्या (सु. ४०२ मी.) सरळ शर्यतीसाठी, म्हणजे ड्रॅग शर्यतीसाठी, मोजक्या संख्येने बनवलेल्या मोटारी. दिसायला त्या शोरूममधल्या नेहमीच्या मॉडेलसारख्या असत. मात्र कंपनीचे सर्वांत मोठे इंजिन त्यांत बसवलेले असे आणि वजन जिथून शक्य तिथून उतरवलेले असे.

या प्रकाराचा आरंभ नेमका कुठून धरायचा, याबद्दल मतभेद आहेत. काही जण १९५७ च्या शेव्हरोले ‘ब्लॅक विडो’पर्यंत मागे जातात, पण ती गाडी अंडाकृती धावपट्टीसाठी होती, त्यामुळे तिला या मालिकेत बसवणे ओढूनताणून केल्यासारखे वाटते. त्याच वर्षी मोटार उत्पादकांच्या संघटनेने कंपन्यांनी शर्यतींपासून दूर राहावे, असा ठराव केला. तो कागदावरच राहिला म्हणायला हरकत नाही; शर्यतीचे सामान ‘खास सुटे भाग’ या नावाखाली विकले जाऊ लागले. पाँटियाकचे ‘सुपर ड्यूटी’ भाग या वाटेने आले आणि १९६२ पर्यंत त्यांत ॲल्युमिनियमचे बॉनेट, मडगार्ड व बंपरही दाखल झाले. फोर्डने त्याच वर्षी काही हलक्या गॅलक्सी गाड्या बांधल्या. त्यांची संख्या बहुधा ११ होती. नॅशनल हॉट रॉड असोसिएशन (एनएचआरए) या नियामक संस्थेने ‘फॅक्टरी एक्सपेरिमेंटल’ (कारखान्याच्या प्रायोगिक गाड्यांचा) हा वर्ग सुरू केला तोही १९६२ मध्येच. सुटे भाग आणि तयार गाडी यांतला फरक लक्षात घेतला, तर १९६२ हीच आरंभसीमा अधिक सयुक्तिक ठरते. सगळा मान एकट्या पाँटियाकला देणारे मत लोकप्रिय असले, तरी ते भाग आणि गाडी यांची गल्लत करते.

पुढच्या वर्षी इंजिनाच्या आकारमानावर ७ लिटरची (४२७ घनइंच) मर्यादा आली. सर्वांची इंजिने या मर्यादेला जाऊन भिडल्यावर चुरस उरली ती वजनाची. १९६३ च्या पाँटियाक कॅटलिनाच्या चासीला ओळीने मोठमोठी भोके पाडली होती. त्यावरून तिला ‘स्विस चीज’ म्हणू लागले. अशा १४ गाड्या झाल्या. शेव्हरोलेची झेड-११ इम्पाला (सु. ५७) हीसुद्धा त्याच हंगामातली. जानेवारी १९६३ मध्ये जनरल मोटर्सने पाँटियाक, शेव्हरोले आदी आपल्या विभागांना शर्यतीतून अंग काढून घेण्यास सांगितले आणि या दोन्ही प्रयत्नांवर पडदा पडला.

फोर्डची फेअरलेन ‘थंडरबोल्ट’ (१९६४) या प्रकाराचा सर्वांत पूर्ण नमुना होय. मध्यम आकाराच्या गाडीत ७ लिटरचे इंजिन मावत नव्हते, म्हणून पुढच्या सस्पेन्शनची जागा कापून-वाकवून घ्यावी लागली. हे काम डिअरबॉर्न स्टील ट्यूबिंग या कंत्राटदाराने केले. पुढचे मडगार्ड आणि फुगवटा असलेले बॉनेट फायबरग्लासचे होते. चारपैकी आतले दोन हेडलाइट काढून तिथे जाळी लावली होती व त्या वाटेने कार्ब्युरेटरला थंड हवा मिळे. रेडिओ, हीटर, गालिचा, स्टेपनी, जॅक आणि चालकाशेजारचा सनव्हायझर यांना फाटा दिला होता. इतके ग्रॅम वाचवूनही डिकीत ट्रकची अवजड बॅटरी ठेवलेली असे, ती मागच्या उजव्या चाकावर भार यावा म्हणून. गाडी झेप घेताना ते चाक उचलले जाऊन जागीच फिरते. बाह्य भागांची जुळणी व रंगकाम नेहमीच्या दर्जाचे नाही, अशी कबुली देणारी पट्टी कंपनीनेच गाडीत लावली होती. इंजिनाची शक्ती ४२५ अश्वशक्ती असल्याचे जाहीर केले होते. प्रत्यक्षात ती बरीच अधिक असावी.

थंडरबोल्टची संख्या सामान्यतः १०० सांगतात, काही याद्यांत ती याहून मोठी आहे. नमुना गाड्या आणि शर्यतपटूंनी नंतर बदलून घेतलेल्या गाड्या एकत्र मोजल्याने हा फरक पडला असावा. १०० च्या आसपासचा आकडाच ग्राह्य वाटतो. पहिल्या ११ गाड्या गडद तांबड्या व पुढच्या पांढऱ्या होत्या.

१९६५ मध्ये एनएचआरएने ‘सुपर स्टॉक’ (कारखानानिर्मित वेगवान गाड्यांच्या) वर्गात फायबरग्लास व ॲल्युमिनियमचे पत्रे नाकारले. क्रायस्लरने त्यावर पातळ पोलादी पत्र्याचा तोडगा काढला. त्याच वर्षी या कंपनीने काही गाड्यांची चाके पुढे सरकवून वजन मागे ढकलले. ‘फनी कार’ हा बदललेल्या ठेवणीच्या ड्रॅग गाड्यांचा स्वतंत्र प्रकार त्यातूनच वाढला.

क्रायस्लरच्याच १९६८ च्या हेमी डार्ट व हेमी बॅराकुडा (‘हेमी’ म्हणजे अर्धगोलाकार ज्वलनकक्षांचे इंजिन) यांची जुळणी हर्स्ट कंपनीने मिशिगनमध्ये केली. यांची दारे आम्लात बुडवून पातळ केलेली होती. काच वर-खाली करायला हँडल नव्हते, पट्टा ओढावा लागे. आसने डॉजच्या व्हॅनमधली. गाडी प्रायमरमध्येच मिळे, रंग ज्याचा त्याने लावायचा. डार्ट सु. ८० आणि बॅराकुडा सु. ७० झाल्या असाव्यात, पण कारखान्याच्या नोंदींवरून हे आकडे काटेकोरपणे ठरवता येत नाहीत. अमेरिकन मोटर्सच्या १९६९ च्या हलक्या एएमएक्स (सु. ५२) याही हर्स्टच्याच; संख्या एनएचआरएची किमान पन्नासची अट भागवण्यापुरतीच.

आज अस्सल गाडी ओळखणे जिकिरीचे आहे. थंडरबोल्टच्या चासी क्रमांकात ४.७ लिटर इंजिनाचे ‘के’ हे सांकेतिक अक्षर असते, कारण सांगाडा त्या मॉडेलचा घेतलेला होता; केवळ क्रमांकावरून निर्णय करता येत नाही. हेमी डार्ट व बॅराकुडा यांच्यासाठी एनएचआरएत एसएस/एएच हा सुपर स्टॉकमधला वर्ग आहे, आणि त्यात उतरणाऱ्या अनेक गाड्या साध्या डार्ट-बॅराकुडांपासून नव्याने घडवलेल्या आहेत.