चिलखत किती आणि पाणी कुठवर?

सप्टेंबर 2025 मध्ये मोरोक्कोतल्या बेरेशिद इथे टाटांच्या चिलखती वाहनांच्या कारखान्याचं उद्घाटन झालं आणि आपल्याकडे जुना वाद पुन्हा पेटला. एक बाजू म्हणते, खासगी कंपनीनं करून दाखवलं, आता सरकारी कारखान्यांना टाळं ठोका. दुसरी म्हणते, देशाचं संरक्षण नफा बघणाऱ्यांच्या हाती देऊ नका. पण बेरेशिदला बनणारं ते आठ चाकी 'व्हॅप' टाटा आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई, म्हणजे डीआरडीओची सरकारी प्रयोगशाळा, यांनी मिळून विकसित केलेलं आहे. माझ्या मते अशा वाहनाचं भवितव्य मालक कोण यावर फारसं ठरत नाही. वजनाचा हिशेब कोण मांडतं आणि किती लवकर मांडतं, यावर ते ठरतं.

पायदळाचं लढाऊ वाहन म्हणजे लहान रणगाडा नव्हे. त्यानं सैनिकांना आत बसवून लढाईच्या तोंडापर्यंत न्यायचं असतं आणि आपल्या लष्कराच्या गरजेप्रमाणे वाटेतला कालवा किंवा नदी पोहून पार करायची असते. 1980च्या दशकापासून तेलंगणातल्या मेडकच्या सरकारी कारखान्यात बनत आलेलं, मूळ सोव्हिएत बनावटीचं बीएमपी-2, आपलं 'सारथ', हेच करतं. वजन 14 टनांच्या आसपास, 3 जणांचा चालकवर्ग आणि मागे 7 सैनिक. आत जागा इतकी कमी की मागचे दोन्ही दरवाजे पोकळ आहेत आणि त्यांत चक्क इंधन भरतात.

आता आर्किमिडीज. तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते. एक घनमीटर पाण्याचं वजन 1 टन, म्हणून 14 टनांच्या गाडीला 14 घनमीटर पाणी हटवावं लागतं. पाण्याच्या रेषेवर तिचं क्षेत्रफळ ढोबळमानानं 20 चौरस मीटर धरा. मग वाढणारा प्रत्येक टन तिला 5 सेंटिमीटर खाली दाबतो. बाजूंना आणि मागेपुढे मिळून 20 चौरस मीटरवर फक्त 10 मिलिमीटर जाडीचं जादा पोलाद चढवलं, तर वजन साधारण 1.6 टनांनी वाढतं. त्या पोलादाचं स्वतःचं घनफळ 0.2 घनमीटर, म्हणजे ते पूर्ण बुडालं तरी जेमतेम 200 किलोचा भार परत उचलतं. गाडी सुमारे 7 सेंटिमीटर खाली जाते. बीएमपीचं इंजिन पुढे असल्यामुळे नाक आधीच जड, त्यात चालताना समोर लाट उठते. पाण्यात उतरण्याआधी पुढची पाटी उभी करतात ती ही लाट अडवायला. तिथे 7 सेंटिमीटर फार महत्त्वाचे असतात.

नुसतं तरंगून भागत नाही, कलंडताही कामा नये. गाडी एका बाजूला झुकली की पाण्याचा उचल देणारा बिंदू त्या बाजूला सरकतो. तिथून सरळ वर काढलेली रेषा गाडीच्या मध्यरेषेला जिथे छेदते, त्या बिंदूला मेटासेंटर म्हणतात. गुरुत्वमध्य त्याच्या खाली असेल तर गाडी परत सरळ होते, वर गेला तर उलटते. उचल देणाऱ्या बिंदूपासून मेटासेंटर किती उंच असेल हे रुंदीच्या घनाला हटवलेल्या पाण्याच्या घनफळानं भागून ठरतं (लांबी आणि एक स्थिरांक सोबत असतात). वजन वाढलं की भाजक वाढतो आणि ही उंची कमी होते. ते वजन छतावर किंवा तोफेच्या बुरुजावर असेल तर गुरुत्वमध्यही वर चढतो, म्हणजे दोन्हीकडून कोंडी. रुंदी वाढवावी, तर रेल्वे आणि पुलांच्या मर्यादा आड येतात. हा हिशेब मला या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

अमेरिकेचं ब्रॅडली सुरुवातीला भोवती पडदा उभारून पोहत असे. पुढे चिलखत वाढत गेलं आणि पोहणं सोडून द्यावं लागलं. म्हणूनच वाहिन्यांवर 'अभेद्य' हा शब्द ऐकला की मला चीड येते. अभेद्य वाहन नसतं. कुठल्या गोळीपुढे, कुठल्या अंतरावरून आणि किती वजनात, हे सांगितल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही.

आपली अडचण अशी की सारथचा हा हिशेब मेडकला झालाच नव्हता, तो सोव्हिएत संघातच झाला होता. परवान्यावर उत्पादन करताना कापणं, जोडणं, तपासणं शिकता येतं, पण कुठे 5 मिलिमीटर कमी करायचे हे शिकायला मिळत नाही. सारथच्या जागी नवं वाहन आणण्यासाठी 2010 मध्ये महिंद्रा, टाटा, एल अँड टी आणि सरकारी शस्त्र कारखान्यांचं ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड अशा चौघांकडून प्रस्ताव मागवले गेले. विकासाचा 80 टक्के खर्च सरकार उचलणार होतं. ते बारगळलं, 2016 मध्ये पुन्हा सुरुवात झाली, तेही तडीस गेलं नाही. सरकारी आणि खासगी दोघेही एकाच फाइलीत अडकले.

खासगी म्हणजे हमखास यश असंही नाही. जर्मनीचं प्यूमा दोन मातब्बर खासगी कंपन्यांनी मिळून बनवलं, तरी डिसेंबर 2022च्या एका सरावात उतरलेली 18च्या 18 वाहनं बंद पडली. जनरल डायनॅमिक्सनं ब्रिटनसाठी बनवलेल्या एजॅक्समध्ये कंपन आणि आवाजाचा त्रास सैनिकांना इतका झाला की चाचण्या थांबवाव्या लागल्या.

व्हॅपची जोडी मला म्हणूनच आश्वासक वाटते. प्रयोगशाळेला फसलेला नमुना परवडतो आणि कंपनीला गिऱ्हाईक थांबवून ठेवणं परवडत नाही. पण वजनाची मर्यादा लष्करानंच घालायची आहे, आणि आता वरून ड्रोन येतात, म्हणजे जादा चिलखत नेमकं छतावर, सर्वांत वाईट जागी मागितलं जाणार. पंजाबचे कालवे पोहून ओलांडायचे की पूल टाकून, हे आराखड्याच्या आधी ठरायला हवं. मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं, म्हणजे अशा वाहनांतून लढणाऱ्या पायदळाचं रेजिमेंटल सेंटर आणि व्हीआरडीई दोन्ही अहिल्यानगरलाच आहेत. गाडीत बसणारे आणि गाडी आखणारे पहिली रेघ ओढण्याआधी एका टेबलाशी बसले, तर कुठल्याही कंपनीला निविदेत वजनाचा पक्का आकडा देता येईल.