माहेरी परतलेली विद्या : फर्व्हो एनर्जीच्या भू-औष्णिक विहिरींमागची माणसे

अमेरिकेतील फर्व्हो एनर्जी या कंपनीने जुलै २०२३ मध्ये नेवाडा राज्यातील आपल्या विहिरींच्या तीस दिवसांच्या चाचणीचे निष्कर्ष जाहीर केले. एका विहिरीतून पाणी खाली सोडायचे, ते तापलेल्या खडकातील भेगांमधून वाहू द्यायचे आणि शेजारच्या विहिरीतून तापलेल्या अवस्थेत वर घ्यायचे, अशी ही योजना होती. सुमारे २.३ किलोमीटर खोल गेल्यावर दोन्ही विहिरी आडव्या वळवून सुमारे एक किलोमीटर पुढे नेल्या होत्या. तळाचे तापमान १९१ अंश सेल्सिअस होते, प्रवाह सेकंदाला ६३ लिटरपर्यंत पोहोचला आणि त्यातून साडेतीन मेगावॉट वीज मिळू शकते, हे सिद्ध झाले. आकडा लहान असला तरी या क्षेत्रातील जाणकारांनी त्याची गंभीरपणे दखल घेतली, कारण जे काम पन्नास वर्षे अडून बसले होते, ते सहा वर्षे वयाच्या कंपनीने करून दाखवले होते. हे कौशल्य तिच्याकडे आले कोठून, हे समजण्यासाठी मात्र कंपनीच्या स्थापनेच्या बरेच मागे जावे लागते.

आपल्याकडे भूगर्भातील उष्णता म्हटली की उन्हवरे, तुरळ, गणेशपुरी येथील गरम पाण्याची कुंडे डोळ्यांपुढे येतात. अशा ठिकाणी उष्णता, पाणी आणि पाण्याला वाट देणाऱ्या भेगा या तिन्ही गोष्टी निसर्गानेच एकत्र आणलेल्या असतात. इटलीतील लार्देरेल्लो येथे १९०४ मध्ये पिएरो जिनोरी कोंती यांनी जमिनीतून येणाऱ्या वाफेवर पाच दिवे पेटवले, तेही अशाच आयत्या ठेव्यावर. पण उष्णता सर्वत्र आहे. पुरेसे खोल गेले की खडक तापलेला मिळतोच. दुर्मीळ आहे ते पाणी आणि त्याची वाट. ती वाट माणसाने तयार करावी, ही कल्पना न्यू मेक्सिकोतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी मांडली आणि जवळच्या फेंटन हिल येथे ती अजमावून पाहिली.

फेंटन हिलचा प्रयोग सर्वसाधारणपणे अपयशी ठरलेला म्हणून सांगितला जातो. माझ्या मते हे वर्णन अपुरे आहे. पहिल्या टप्प्यात तेथे तीन किलोमीटरच्या आसपास खोलीवर ग्रॅनाइटमधून पाणी फिरवण्यात आले आणि त्या उष्णतेवर ६० किलोवॉटचे छोटे जनित्रही चालवून पाहण्यात आले. दुसऱ्या टप्प्यात जर्मनी आणि जपान हे देशही सहभागी झाले. त्यात आधी दोन विहिरी खोदून त्या भेगांनी जोडायच्या, असे ठरले. डिसेंबर १९८३ मध्ये प्रचंड दाबाने सुमारे २१ हजार घनमीटर पाणी आत ढकलण्यात आले. खडक फुटलाही, पण भेगा अपेक्षित दिशेने गेल्याच नाहीत आणि दोन विहिरी जोडल्या गेल्या नाहीत. शेवटी भेगा कोठे आहेत ते शोधून एक विहीर त्यांच्या दिशेने पुन्हा खोदावी लागली. भेगा शोधण्याचे साधन होते खडक तडकताना होणारे अतिसूक्ष्म भूकंप. त्यांच्या नोंदींवरून जमिनीखालील भेगांचा नकाशा काढण्याचे हे तंत्र फेंटन हिलच्या कामात घडत गेले आणि पुढे टेक्सासमधील शेल वायूच्या, म्हणजे शेल या घट्ट थरांच्या खडकात अडकलेल्या वायूच्या, विहिरींवर नित्याचे झाले. १९९० च्या दशकाच्या मध्यावर निधी आटला आणि प्रकल्प बंद पडला. माणसे, नोंदी आणि तंत्र मात्र उरले.

दुसरी गोष्ट बिटची, म्हणजे खोदाईच्या पाइपच्या टोकाला बसवलेल्या, खडक फोडणाऱ्या अवजाराची. ग्रॅनाइटमध्ये खोदताना दातेरी शंकू असलेले जुने बिट लवकर झिजते, आणि ते बदलायचे म्हणजे दोन-तीन किलोमीटर लांबीचे सगळे पाइप एकेक करून वर काढायचे व पुन्हा खाली सोडायचे. रिगचे, म्हणजे खोदाईच्या यंत्रसामग्रीचे, भाडे दिवसावर असते, त्यामुळे खर्चाचा मोठा भाग या वर-खाली करण्यातच जातो. (आपल्याकडची बोअरवेलची गाडी हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्याने एका रात्रीत शे-दोनशे फूट जाते, त्यावरून या खोलीची कल्पना येत नाही.) कृत्रिम हिऱ्याच्या चकत्या बसवलेले, खडक ठेचण्याऐवजी खरवडून काढणारे पीडीसी बिट १९७० च्या दशकात आले. त्याचे कच्चे रूप जनरल इलेक्ट्रिकने आणले, परंतु चकत्या बिटवर टिकाव्यात कशा आणि त्या खडकाला कापतात कशा, याचा मूलभूत अभ्यास सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेत झाला, तोही भू-औष्णिक संशोधनासाठी दिलेल्या सरकारी पैशातून. गंमत अशी की त्याचा लाभ तेल-वायू उद्योगाने उचलला. पुढे त्या उद्योगातील बहुतांश खोदाई याच बिटने होऊ लागली, तर भू-औष्णिक विहिरी खोदणारे मात्र दीर्घकाळ जुन्या शंकूंनाच चिकटून राहिले.

फर्व्होच्या दोन संस्थापकांपैकी टिम लॅटिमर या सगळ्यात तेलाच्या बाजूने आले. यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते बीएचपी कंपनीत ड्रिलिंग इंजिनिअर झाले आणि टेक्सासमधील ईगल फोर्ड क्षेत्रात शेलच्या विहिरी खोदू लागले. तेथेच भू-औष्णिक ऊर्जेवरील साहित्य वाचताना त्यांच्या हाती मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा २००६ चा अहवाल आला. मानवनिर्मित भू-औष्णिक साठ्यांतून अमेरिकेला २०५० पर्यंत एक लाख मेगावॉट क्षमता उभारता येईल, असा अंदाज त्यात होता. अहवाल तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष जेफरसन टेस्टर यांनी उमेदीच्या काळात लॉस अलामॉसच्या याच प्रकल्पावर काम केले होते. अहवालात अवघड म्हणून नोंदलेल्या अनेक गोष्टी, म्हणजे आडवी विहीर, तिचे टप्प्याटप्प्याने भेगाळणे, जलद खोदाई, शेल क्षेत्रात तोवर रोजच्या झाल्या होत्या. लॅटिमर नोकरी सोडून स्टॅनफर्डला गेले.

तेथे त्यांची गाठ जॅक नॉरबेक यांच्याशी पडली. नॉरबेक यांनी स्टॅनफर्डमध्ये, मूळचे न्यूझीलंडचे असलेले रोलंड हॉर्न यांच्या गटात डॉक्टरेट केली होती आणि द्रव आत सोडल्यामुळे होणाऱ्या भूकंपांचाही अभ्यास केला होता. मार्क मॅक्लूर आणि हॉर्न यांच्यासह त्यांनी फेंटन हिलच्या जुन्या नोंदी नव्याने तपासल्या आणि तेथे जुन्या भेगा सरकण्याबरोबरच नव्या भेगाही उघडल्या असाव्यात, असे प्रतिपादन केले. व्यवहारात याचा अर्थ असा, की निसर्गातल्या भेगांच्या भरवशावर न राहता हव्या तेथे भेगा पाडता येतील. एकाला विहीर खोदता येत होती, दुसऱ्याला खडकात काय घडते ते कळत होते. २०१७ मध्ये या दोघांनी फर्व्हो स्थापन केली. पुढे बिल गेट्स यांच्या ब्रेकथ्रू एनर्जी व्हेंचर्सने पैसा घातला आणि २०२१ मध्ये गूगलशी करार झाला.

भूकंपाचे ज्ञान येथे शोभेपुरते नाही. स्वित्झर्लंडमधील बाझल शहराखाली २००६ मध्ये अशाच कामामुळे ३.४ तीव्रतेचा धक्का बसला आणि तो प्रकल्प गुंडाळावा लागला. दक्षिण कोरियातील पोहांग येथे २०१७ मध्ये सुमारे ५.५ तीव्रतेच्या भूकंपाने मोठे नुकसान केले आणि त्याचा संबंध तेथील भू-औष्णिक विहिरींशी जोडला गेला. पाणी आणि भूकंप यांचे नाते महाराष्ट्राला १९६७ च्या कोयनेपासून ठाऊक आहे. ते तपासण्यासाठी केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०१६-१७ मध्ये कोयना परिसरात बेसॉल्टचे थर भेदून, खालच्या ग्रॅनाइटी खडकात तीन किलोमीटर खोल विंधन विहीर घेतली. वीज हा तिचा हेतू नव्हता, पण ग्रॅनाइटी खडकात एवढे खोल खोदण्याचा अनुभव आपल्या भूमीवर मिळाला तो तेथे.

यूटा राज्यात मिलफर्डजवळ अमेरिकी ऊर्जा विभागाच्या पैशातून यूटा विद्यापीठ फोर्ज ही प्रयोगभूमी चालवते. तिच्या कामात एक्सॉनमोबिलमधील दीर्घ अनुभव घेऊन टेक्सास ए अँड एम विद्यापीठात आलेल्या फ्रेड डुप्रिस्ट यांची पद्धत वापरली गेली : खोदाईचा वेग या क्षणी नेमका कशामुळे अडला आहे ते ओळखायचे, तेवढाच अडथळा दूर करायचा आणि पुढच्या अडथळ्याकडे वळायचे. पीडीसी बिट ग्रॅनाइटमध्ये चालते, हे तेथे दिसले आणि ते निष्कर्ष सर्वांना खुले राहिले. फर्व्होने सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच परिसरात केप स्टेशनचे काम सुरू केले. कंपनीच्या सांगण्यानुसार तेथील पहिल्या काही विहिरींतच खर्च ९४ लाख डॉलरवरून ४८ लाखांवर आला आणि सर्वांत जलद विहीर २१ दिवसांत झाली. २०२४ मध्ये डेव्हन एनर्जी या शेल कंपनीने फर्व्होत मोठी गुंतवणूक केली, आणि सदर्न कॅलिफोर्निया एडिसन या वीज कंपनीने ३२० मेगावॉट विजेचे करार केले. ते करार पंधरा वर्षांचे आहेत. फेंटन हिलच्या खडकातून सलग पाणी फिरवण्याची एकही चाचणी वर्षभर चालली नव्हती.